टॅमरिंड रोड ११, व तिथून पुढे

त्या वर्षी सरकारच्या लक्षात आलं की क्वीन्सलंडात लोकांची घरं तपासून देणारी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या कोणाकडेच तसा कागद नाही. इतकी वर्षं हे कसं चालून गेलं याचं सरकारला फार वाईट वाटलं असावं, कारण नियम एकदमच आला. ज्यांना अनुभव आहे त्यांनी तीस जूनच्या आत परवाना काढावा. एक लेखी परीक्षा आणि एका घराची प्रत्यक्ष तपासणी, की झालं. तीस जूननंतर मात्र ब्रिस्बेनला जाऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर दोन वर्षं बसण्यापेक्षा मी घरं तपासणं सोडून लोकर विणत बसले असते, आणि मला विणता येत नाही.

आता ‘मी घरं तपासणं’ असं मी सहज लिहून गेले, पण सगळी अडचण त्या तीन शब्दांचीच होती. बिलाबीत घरं तपासतो तो माझा नवरा व्हर्न, असं सगळ्या गावाचं मत होतं. फाटकावरच्या पाटीवर त्याचं नाव, यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या आमच्या गाडीच्या, दोन्ही दारांवर त्याचंच नाव. पहिली अठरा वर्षं ते खरंही होतं. आमच्याकडची जुनी घरं लाकडाची आणि खुंटांवर उभी. कुठे माणूस उभा राहील इतकी उंच, कुठे जेमतेम हातभर. व्हर्न घराखाली सरपटत जायचा आणि आतून ओरडायचा, “तिसरी ओळ, पाचवा खुंट, कुजलाय,” आणि मी बाहेर घडीच्या खुर्चीवर बसून लिहून घ्यायचे. मग त्याचे गुडघे गेले. आधी डावा, आणि डाव्याचे लाड बघून उजवा. त्यानंतरची चार वर्षं मी घराखाली सरपटायचे आणि व्हर्न खुर्चीवर बसून ओरडायचा. ओरडण्याचं खातं त्याच्याकडेच राहिल्यामुळे गावाला फरक कळला नाही.

“परवाना तूच काढ,” व्हर्न म्हणाला. “मी काही हे गुडघे घेऊन परीक्षेला बसत नाही.”

“आणि पाटी?”

“पाटीचं काय? राहू दे की. रंग अजून चांगला आहे.”

परवान्याचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी, तासाभराच्या वाटेवर होतं. खिडकीपाशी एक नीटनेटकी मुलगी बसली होती. तिनं माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“मिस्टर पिकरिंग आले नाहीत?”

“बाहेर गाडीत बसलेत.”

“मग त्यांना बोलवा ना. सही त्यांची लागेल.”

“अर्ज माझा आहे.”

खाटकाच्या दुकानात कोणी बूट मागितले तर तो जसा बघेल तशी ती माझ्याकडे बघत राहिली. “पण इथे अनुभव बावीस वर्षं लिहिलाय,” ती म्हणाली. “तुम्ही टायपिंग करत होता ना?”

“करते अजून. घराखालून बाहेर आल्यावर, हात धुऊन.”

तिनं मला दोन कागद आणायला सांगितले. एक, तीन गिऱ्हाइकांची पत्रं, की ह्या बाईंनी आमचं घर तपासलं आहे. दुसरा, डॉक्टरचा दाखला, की ह्या बाई घराखाली शिरायच्या ठरावीक मापाच्या भोकातून आत-बाहेर करू शकतात.

पत्रं मिळायला वेळ लागला नाही. बिलाबीत माझ्याबद्दल सगळ्यांचं मत चांगलंच होतं. मत कशाबद्दल चांगलं आहे एवढाच प्रश्न होता. खाटकानं लिहिलं की मिसेस पिकरिंग फार सज्जन असून त्यांच्या भोपळ्याच्या स्कोनला, म्हणजे त्या गोडसर छोट्या पावांना, जत्रेत दोनदा पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली आहे. पोस्टमास्तरीणबाईंनी लिहिलं की आजाऱ्याच्या दाराशी पहिली थाळी नोरीनची येते. तिसरं पत्र आमच्या शेजारणीचं, असुंता झांबेलीचं. असुंता मूळची इटलीची, ऊस तोडायला आलेल्या माणसाशी लग्न करून आली आणि ऊस तुटून गेला तरी राहिली. तिनं फक्त एवढं लिहिलं की, ‘माझ्या घराखाली नोरीन जितका वेळ राहिली तितका वेळ माझा नवरा घरात राहिला नाही.’ खिडकीतल्या मुलीनं तिन्ही पत्रं वाचून हेच एक स्वीकारलं. बाकीची दोन मला पुन्हा लिहून घ्यावी लागली आणि खाटकाला वाटलं की मला स्कोनबद्दल आणखी काही हवं आहे.

भोकाचं प्रकरण मात्र साधं नव्हतं. आमचे डॉक्टर म्हणाले, “नोरीन, छाती साफ आहे, रक्तदाब ठीक आहे. पण माझ्याकडे भोक नाही. मी दाखला कशावर देऊ?” तेव्हा व्हर्ननं घरी लाकडाची चौकट ठोकून सरकारी मापाचं भोक तयार केलं आणि कपडे वाळत घालायच्या खांबाला टांगलं. डॉक्टर दवाखान्यातून जेवायला जाताना येऊन बघणार होते. दहा मिनिटं लवकर सराव करावा म्हणून मी आत शिरले आणि बरोबर मध्यावर अडकले.

ज्या बाईला आयुष्यात एकदाही अंगणातल्या चौकटीत लटकावं लागलेलं नाही, तिला शेजाऱ्यांचं खरं प्रेम कळायचं नाही. कुंपणापाशी सात-आठ जण जमले.

“एक हात वर कर, एक खाली,” असुंता म्हणाली. “पोहायला निघाल्यासारखी.”

“श्वास सोड,” खाटक म्हणाला.

“मागे ये,” पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या.

“मागे येऊन कसं चालेल? दाखला पुढे जाण्याचा आहे,” व्हर्न म्हणाला. तो खुर्ची घेऊन बसला होता. “नोरीन, उजवी कंबर आधी. नाही, तुझी उजवी.”

“मला एकच उजवी आहे, व्हर्न.”

डॉक्टर आले तेव्हा मी चौकटीसकट गोल फिरत होते, कारण खांब, आमच्याकडच्या कपड्यांच्या सगळ्या खांबांसारखा, वाऱ्याबरोबर फिरणारा होता. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले की खऱ्या घरात भोक तरी एका जागी असतं. मग कोणीतरी खांब धरला, मी असुंताचा सल्ला मानला आणि एका दमात पलीकडच्या गवतावर पडले. टाळ्या पडल्या. दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं, ‘जाऊ शकतात,’ आणि विचार करून पुढे जोडलं, ‘स्थिर भोकातून.’

तपासणीसाठी मी घर निवडलं ते ड्यूल्सी टॉगूडचं. खाडीच्या पलीकडे, टॅमरिंड रोडवर अकरा नंबर. ड्यूल्सी एकटी, त्र्याऐंशी वर्षांची, लेकीकडे राहायला जायच्या तयारीत. घर रिकामंच होत आलेलं, त्यामुळे भिंती सगळ्या हाताला येत होत्या. असं घर आता बांधत नाहीत. उभ्या फळ्यांच्या भिंती, उत्तरेला लांब व्हरांडा, वर पन्हाळीचा पत्रा, खाली अठ्ठेचाळीस खुंट आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर वाळवी चढू नये म्हणून पत्र्याची टोपी. मी सकाळी आठला घराखाली गेले आणि अकराला पोटमाळ्यातून खाली आले. पोटमाळ्यात एक नऊ फुटी अजगर होता. ड्यूल्सी म्हणाली, “त्याला लिहू नकोस हं, तो उंदरांसाठी ठेवलाय.”

सगळं सुरळीत होतं. फक्त न्हाणीघराची मागची भिंत. ही भिंत घराच्या बरोबर मधोमध, एका बाजूला न्हाणीघर, दुसऱ्या बाजूला बैठकीची खोली. दिसायला झकास, रंग ताजा, फळी न फळी सरळ. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेले. टक, टक, टक, आणि मग कोपऱ्यापासून दोन हातांवर वेगळाच आवाज. पोकळ म्हणावं तर तसाही नाही. ताज्या पावाच्या लादीला खालून टिचकी मारली की येतो तसा. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा पाव.

रिपोर्टमध्ये मी चौदावं कलम लिहिलं: ‘न्हाणीघराची मागची भिंत बाहेरून निर्दोष दिसते. आतली चौकट वाळवीनं पूर्ण पोखरलेली असावी.’

व्हर्ननं ते वाचलं आणि स्वतः उठून ती भिंत ठोकायला टॅमरिंड रोडवर गेला. परत येऊन म्हणाला, “काढून टाक.”

“तुला ऐकू आलं नाही?”

“मला आवाज आला. भिंतीचा आला. नोरीन, वाळवीची मातीची रेघ दिसली? नाही. टोप्या सगळ्या शाबूत? शाबूत. मग कशावरून? परीक्षक ‘असावी’वर बोट ठेवतो आणि तिथेच नापास करतो. बाकी सत्तावीस कलमं सोन्यासारखी आहेत. ह्या एकासाठी सगळं घालवशील.”

“सत्तावीस कलमं डोळ्यांना दिसतात,” मी म्हटलं. “ती कोणीही लिहील.”

एकेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एका भिंतीवरून इतकं कधी बोललो नव्हतो. मी कलम ठेवलं. एक प्रत कार्यालयाकडे पाठवली आणि एक ड्यूल्सीला नेऊन दिली, कारण तिनं मला तीन वेळा चहा दिला होता आणि अजगराबद्दल गप्प राहिल्याबद्दल चौथ्यांदा.

आठ दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. शुक्रवारी, अठ्ठावीस जूनला, परीक्षक मिस्टर किसेल येऊन रिपोर्ट प्रत्यक्ष घराशी ताडून पाहतील. खाली वेगळ्या शाईनं लिहिलं होतं: ‘कलम १४ विशेष पाहिले जाईल. आधाराविना केलेले विधान ग्राह्य नाही.’ तीस जून रविवारी येत होती, म्हणजे कार्यालयाचा शेवटचा दिवस तोच शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. व्हर्ननं पत्र वाचून परत पाकिटात घातलं आणि पाकीट माझ्या टाइपरायटरवर उभं करून ठेवलं. 

त्या आठवड्याचे पहिले चार दिवस मी लेखी परीक्षेसाठी ब्रिस्बेनला बहिणीकडे होते, सोबत व्हर्नही, आणि आम्ही गुरुवारी रात्री उशिरा परतलो. परीक्षेबद्दल सांगण्यासारखं इतकंच की मी पास झाले आणि माझ्या शेजारचा मुलगा मला ‘पर्यवेक्षक बाई’ समजून दोनदा बाहेर जायची परवानगी मागून गेला.

शुक्रवारी सकाळी मिस्टर किसेल आले. उंच, सडपातळ, इस्त्रीची हाफ पँट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, हातात फाइल. व्हर्न खुर्ची घेऊन आमच्याबरोबर निघाला, आणि असुंता जेवणाची टोपली, कपबश्या आणि थर्मास घेऊन निघाली. मी तिला आधीच बजावलं होतं की आज साहेबांसमोर कोणीही एक शब्द बोलायचा नाही. यूटमध्ये जागा नसल्यामुळे आम्ही सगळे मिस्टर किसेल यांच्या मोटारीत बसलो. खाडीचा पूल ओलांडून टॅमरिंड रोडला वळलो. सात नंबर, नऊ नंबर, आणि मिस्टर किसेलनी ब्रेक दाबला.

अकरा नंबरला पत्रपेटी होती. तिच्यावर अकराचा आकडा होता. फाटक होतं, सदाफुली होती, पुढच्या पायऱ्या होत्या. एकूण नऊ पायऱ्या, कठड्यासकट, वर जाऊन थांबलेल्या. मागे अठ्ठेचाळीस खुंट डोक्यावर पत्र्याच्या टोप्या घालून ओळीनं उभे होते. घर नव्हतं.

 मिस्टर किसेलनी फाइल उघडली, पत्ता वाचला, पत्रपेटी वाचली आणि फाइल मिटली.

“मिसेस पिकरिंग,” ते म्हणाले, “घर कुठं आहे?”

“रविवारपर्यंत होतं,” मी म्हटलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

मागच्या सीटवरून असुंता माझ्याकडे मोठे डोळे करून बघत होती. मी तिला बोलायची खूण केली.

“अर्धं मंगळवारी गेलं, अर्धं आज पहाटे,” ती म्हणाली. “डोंगरावरच्या त्या आंब्याच्या बागवाल्यानं घेतलं. बार्नी लुट्झनं मधोमध कापून ट्रकवर चढवलं. सगळं गाव बघायला गेलं होतं, नोरीन. मी सँडविच करून नेले होते.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं तुला ठाऊक असणार. तुझ्याच रिपोर्टवर तर विकलं गेलं. ड्यूल्सीनं तो कागद दाखवला, त्यानं ‘लाकूड उत्तम, चौकट सरळ’ वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बार्नीला बोलावलं.”

“मग आज गाडीत तरी सांगायचंस.”

“तू म्हणालीस, साहेबांसमोर एक शब्द नाही.”

आमच्याकडे घरं हलतात हे मला काय नवं होतं? लहानपणी आमची शाळाच दोनदा हलली होती. एकदा तर आम्ही सुट्टीवरून परत आलो तो शाळा नदीच्या ह्या बाजूला. लोक जमिनीला कंटाळतात, घराला नाही; कापायचं, चढवायचं, न्यायचं. पण ज्या घरावर आपली परीक्षा आहे ते आपणच लिहिलेल्या कौतुकावर उठून चालायला लागेल, हे बावीस वर्षांच्या अनुभवातही बसत नव्हतं.

मिस्टर किसेल सरळ माणूस होते. त्यांनी मोजे वर ओढले आणि खुंट मोजायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीस भरले. कुजलेले सात, मी सातच लिहिले होते, आणि कुठल्या ओळीतले तेही. त्यांनी प्रत्येक टोपी वाकून पाहिली, मग नऊ पायऱ्या चढून वरच्या पायरीवर उभे राहिले आणि समोरच्या हवेकडे बघत म्हणाले, “खालचा भाग बरोबर आहे. वरचा भाग बघितल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही.”

“आज पाचपर्यंत,” मी म्हटलं.

“आज पाचपर्यंत,” ते म्हणाले.

आम्ही डोंगराकडचा रस्ता धरला आणि साखर कारखान्याच्या फाट्यापाशी आम्हाला अर्धं घर सापडलं. उसाच्या चिमुकल्या रेल्वेच्या वाघिणी रुळांवरून घसरून रस्त्यात आडव्या पडल्या होत्या आणि त्या उचलेपर्यंत घराला पुढे वाट नव्हती. रस्त्याच्या कडेला, उसाच्या मळ्याला टेकून, ड्यूल्सीचा व्हरांडा, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एका लांबलचक ट्रकवर उभं होतं. कापलेल्या बाजूला निळी ताडपत्री बांधली होती. व्हरांड्यात पाय सोडून बार्नी लुट्झ खारं गोमांस आणि लोणचं घातलेला पाव खात होता. बार्नी म्हणजे कपाटाएवढा माणूस, तीन पिढ्या घरं वाहणाऱ्या जर्मन घराण्यातला.

“या, मिसेस पिकरिंग,” तो वरूनच म्हणाला. “आत यायचं तर शिडी लावतो.”

मिस्टर किसेलनी आधी घराचं पोट पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मीसुद्धा ते उभ्यानं पाहत होते. ना कोळी, ना ओल, ना नाकाला घासणारी तुळई. व्हर्नला तर गहिवरून आलं. तो हात मागे बांधून ट्रकखालून चालत होता आणि प्रत्येक तुळईला जुन्या ओळखीच्या माणसासारखी मान डोलवत होता. तुळया माझ्या रिपोर्टप्रमाणे निघाल्या.

मग मिस्टर किसेल वर चढले आणि दिशांवर अडले. “कलम तीन. उत्तरेचा व्हरांडा.” त्यांनी सूर्याकडे पाहिलं. “हा पश्चिमेला आहे.”

“दर वळणावर बदलतो,” बार्नी म्हणाला. “चर्चजवळ पूर्वेला होता. उतारावर चांगला उत्तरेला होता, तेव्हा आला असतात तर.”

मिस्टर किसेलनी फाइल हातात आडवी धरली, मग उभी, मग स्वतः फिरले. तिसरं कलम पास झालं. पन्हाळी, खिडक्या, चूल, छत, सगळी कलमं झाली आणि मग त्यांनी बोटानं ओळ शोधली, बोट तिथेच ठेवलं आणि म्हणाले, “कलम चौदा.”

 व्हर्ननं खुर्ची उघडली, पण बसला नाही.

“‘पूर्ण पोखरलेली असावी,’” मिस्टर किसेलनी वाचलं. “मिसेस पिकरिंग, मातीची रेघ दिसली होती?”

“नाही.”

“ओल?”

“नाही.”

“मग हे कशावरून लिहिलंत?”

“आवाजावरून.”

“कसला आवाज?”

खरं सांगायचं तर पाव हा शब्द सरकारी माणसासमोर उच्चारायची मला लाज वाटत होती. पण खोटं तरी काय सांगणार? “पावासारखा,” मी म्हटलं. “भाजून खाली काढलेल्या.”

त्यांनी पेन उघडलं. पेन उघडण्याची पद्धत मला आवडली नाही. “आवाज हा आधार धरता येत नाही,” ते सावकाश म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, हे मी कबूल करते.

“पण भिंत तर इथेच आहे,” बार्नी म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. त्यानं हातातला पाव संपवला, हात पँटला पुसले आणि खिशातून घडी घातलेले कागद काढले. वंगणाचे डाग पडलेले, कोपरे दुमडलेले, पण माझ्या टाइपरायटरचा तुटका ‘e’ मी वीस हातांवरून ओळखला असता. माझाच रिपोर्ट. ड्यूल्सीची प्रत.

“हा मला बागवाल्यानं दिला,” बार्नी म्हणाला. “घर कापायचं म्हणजे करवत कुठं लावायची हा पहिला प्रश्न. धडधाकट लाकूड कशाला कापू? बाईंनी लिहिलंय मधली भिंत गेलेली आहे. तिथंच कापली. ती तशीही फेकायचीच होती.”

“तुम्ही उघडून न बघता कापली?” मिस्टर किसेलनी विचारलं.

“घर ह्यांच्या नवऱ्यानं तपासलेलं असतं तर उघडून बघितली असती,” बार्नी म्हणाला. “राग मानू नकोस, व्हर्न.”

व्हर्ननं राग मानला नाही. तो आधीच ताडपत्रीची दोरी सोडत होता.

ताडपत्री खाली आली. न्हाणीघराची मागची भिंत मधून उभी चिरलेली होती, बाहेरच्या फळ्या ताज्या पिवळ्या रंगात, आणि आत जिथे चौकटीचे खांब असायला हवेत तिथे तपकिरी जाळी. नुसती कागदासारखी पापुद्र्यांची जाळी, मातीनं भरलेली, वरपासून खालपर्यंत. मिस्टर किसेलनी आपली पेन्सिल तिच्यात टेकवली. पेन्सिल आत गेली, बोटं आत गेली, मनगटावरचं घड्याळ भिंतीला लागलं तेव्हा ते थांबले. त्यांनी हात बाहेर काढून त्यावरची माती झाडली.

घर तपासणाऱ्या माणसाला आपण बरोबर होतो की चूक हे सहसा कधीच कळत नाही. भिंत कोणी उघडत नाही. लोक चार खिळे ठोकून चित्र लावतात आणि वीस वर्षं राहतात. मी मोजलं नाही, पण मी त्या भिंतीकडे बराच वेळ बघत उभी होते.

“पावच आहे,” व्हर्न म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी त्याच जागी ठोकलं होतं.”

मिस्टर किसेलना लिहायला टेबल नव्हतं म्हणून त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीच्या रुंद फळीवर कागद ठेवला. एकेक रकाना भरत आले आणि एका रकान्यापाशी थबकले. “तपासलेल्या घराचा पत्ता,” ते स्वतःशीच म्हणाले. खुंट टॅमरिंड रोडवर, अर्धं घर डोंगरावर, अर्धं फाट्यावर. त्यांनी पेनचं टोपण दातात धरलं. शेवटी लिहिलं: ‘टॅमरिंड रोड ११, व तिथून पुढे.’ खाली लिहिलं, ‘पात्र,’ आणि सही केली. उसावरून वारा येत होता म्हणून असुंतानं कागदावर आपला भरलेला चहाचा कप ठेवला आणि आम्ही सगळे खाली उतरून स्कोन खायला बसलो.

तेवढ्यात मोटारसायकलवरून हवालदार आला. “वाघिणी उचलल्या. फाटा एक तास मोकळा आहे. बार्नी, आत्ता निघायचं, नाहीतर सोमवारी.”

बार्नी त्या देहानं इतका चपळ असेल असं वाटलं नव्हतं. शिडी वर, दोरी वर, इंजिन सुरू. ताडपत्री बांधायलाही तो थांबला नाही. अर्धं घर डुलत रस्त्यावर आलं आणि डोंगराकडे निघालं. आम्ही रुमाल हलवले. मिस्टर किसेलनीही हलवला.

“छान माणूस,” ते म्हणाले, आणि फाइल उघडली. मग दुसऱ्यांदा उघडली.

“कपाखाली,” असुंता म्हणाली.

आम्ही मोटारीत कसे बसलो ते मला आठवत नाही. व्हर्नची खुर्ची मात्र तिथेच राहिली. दोन मिनिटांत आम्ही घराला गाठलं, पण गाठून उपयोग नव्हता. घर रस्ताभर पसरलेलं, पुढे हवालदार, मध्ये बार्नी, आणि चढावर भरलेला ट्रक थांबवला तर तो पुन्हा सुरू होत नाही, हे हवालदारानं हातवाऱ्यांनीच सांगितलं. मिस्टर किसेलनी भोंगा वाजवला. बार्नीनं खुशीत येऊन परत वाजवला. आमच्या मागे दोन दुधाचे टँकर, एक शाळेची बस आणि रांग. बावीस मैल, सायकलच्या वेगानं.

माझ्या डोळ्यांसमोर ड्यूल्सीचं उघडं न्हाणीघर होतं. बेसिन, आरसा, हिरव्या फरशा आणि खिडकीच्या फळीवर असुंताचा निळा कप. त्याच्याखाली माझा परवाना, एक कोपरा वाऱ्यानं फडफडणारा. घर प्रत्येक वळणाला कलत होतं आणि आमच्या मोटारीतली चारही माणसं उलट बाजूला कलत होती. असुंता जपमाळ ओढत होती. व्हर्न माझा हात धरून बसला होता, जे तो सहसा फक्त दाताच्या डॉक्टरकडे करतो. खेड्यांमधून लोक रस्त्यावर येऊन घराला हात करत होते, आणि मिस्टर किसेल, बहुधा सवय म्हणून, परत हात करत होते. त्यांचं दुसरं लक्ष घड्याळावर होतं.

साडेतीनला बार्नीनं ते अर्धं घर आधीच्या अर्ध्याशेजारी आणून उभं केलं. मिस्टर किसेल शिडीची वाट न बघता चाकावरून वर चढले. पांढरे मोजे वंगणानं काळे झाले. त्यांनी कप उचलला, कागद घेतला, आणि कपात डोकावून तसेच उभे राहिले. मग कप आमच्याकडे तिरपा करून दाखवला. चहा होता तेवढाच होता. एक थेंब बशीतसुद्धा नव्हता.

“मिसेस पिकरिंग,” ते वरून म्हणाले, “घराची अशी समतल जमीन मी पाहिली नाही. हे तुमच्या रिपोर्टात हवं होतं.”

“नववं कलम,” मी म्हटलं. “जमीन सर्वत्र समतल.”

त्यांनी फाइल उघडून पाहिलं. मग असुंताला विचारून तो थंड चहा पिऊन टाकला, खाली उतरले आणि पाचच्या आत पोहोचण्यासाठी मोटार सुसाट सोडली. पोहोचलेही. आम्ही तिघं मात्र डोंगरावरच राहिलो होतो, हे त्यांच्या बहुधा सोमवारी लक्षात आलं असावं.